जिओकॅशिंग : शोधाचा आनंद आणि सार्वजनिक जागेची जबाबदारी

(शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय एक छंद आहे. छंदासारख्या विषयासाठी आपण आपला वेळ का द्यावा, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा छंद घराच्या चार भिंतींत बसून जोपासता येत नाही. तो डोंगरावर, उद्यानात, नदीकाठी, म्हणजेच बहुधा सर्वांच्या मालकीच्या जागेत खेळला जातो. अशा जागांची राखण ज्यांच्याकडे आहे, त्या आपणांस त्याची माहिती असणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या छंदाचे नाव जिओकॅशिंग. यातील 'कॅश' म्हणजे रोख रक्कम नव्हे. लपवून ठेवलेला साठा, असा येथे त्या शब्दाचा अर्थ आहे. एकाने डबा लपवावा, त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत आणि इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने तो शोधून काढावा, असा हा खेळ आहे.

खेळाचा जन्म

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांपैकी किमान ४ उपग्रहांचे संदेश मिळाले की हातातील यंत्र आपले स्थान निश्चित करू शकते. पूर्वी नागरिकांसाठीच्या संदेशांत लष्करी कारणास्तव मुद्दाम त्रुटी मिसळली जात असे. त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने ही त्रुटी काढून टाकली आणि अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढली. तिची परीक्षा घ्यावी म्हणून ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यातील डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. काही दिवसांतच ती शोधली गेली. त्याच महिन्यात या खेळाला आजचे नाव मिळाले.

या कल्पनेचे मूळ मात्र जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूर या उजाड माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले नावाचे पत्रक टाकावे, अशी योजना होती. पुढे त्यातूनच 'लेटरबॉक्सिंग' हा छंद वाढला. आज जिओकॅशिंगचे डबे जगभर विखुरले असून त्यांची संख्या काही दशलक्ष आहे. भारतातही ते आहेत.

आनंद कशात आहे?

डब्यात बहुधा मौल्यवान असे काहीच नसते. एक नोंदवही, पेन्सिल, एखादे खेळणे वा बिल्ला, एवढाच ऐवज. खरा लाभ वाटेवर होतो. ज्या टेकडीकडे वर्षानुवर्षे लक्ष गेले नव्हते, तिच्यावर जुनी पाण्याची टाकी आहे, हे या निमित्ताने कळते. शिक्षकांना तर हा खेळ वरदान वाटावा. अक्षांश-रेखांश, दिशा, अंतर, नकाशाचे प्रमाण या गोष्टी फळ्यावर शिकविणे वेगळे आणि पायांनी शिकणे वेगळे. यंत्र काही मीटरपर्यंत नेऊन सोडते. तेथून पुढे मुलाचे डोळे आणि तर्क यांचेच काम असते.

धोके

यंत्र सरळ रेषेतील अंतर दाखविते. मधली दरी दाखवीत नाही. 'अवघे ५० मीटर' असे वाचून पुढे सरकणारा माणूस कड्याच्या टोकावर असू शकतो. उंच कातळाजवळ आणि अरुंद घळीत उपग्रहांचे संदेश परावर्तित होतात व स्थान चुकते. आपल्या सह्याद्रीत याला घसाऱ्याची, पावसाळी शेवाळाची, धुक्याची आणि आग्या मोहोळाची जोड मिळते. दगडाच्या कपारीत न पाहता हात घालणे म्हणजे सर्पदंशाला निमंत्रण होय. एकट्याने जाऊ नये, परतीची वेळ घरी सांगून जावे आणि नजर पडद्यावर न ठेवता पावलांवर ठेवावी.

दुसरा धोका इतरांना होतो. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी या गावी एका उपाहारगृहाबाहेर ठेवलेला असाच प्लॅस्टिकचा डबा संशयास्पद ठरला. रस्ता बंद करावा लागला आणि लष्कराच्या पथकाने तो डबा स्फोटाने उडविला. ठेवणाऱ्याचा हेतू निर्मळ होता; पण पाहणाऱ्याला तो हेतू कसा कळावा?

शिष्टाचार

या छंदाचे बहुतेक नियम अशा अनुभवांतूनच घडले आहेत. पहिली बादली अंशतः जमिनीत पुरलेली होती आणि तीत घेवड्याच्या दाण्यांचा हवाबंद डबाही होता. आज या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. पुरण्यासाठी केलेल्या खणण्याने जमिनीची हानी होते आणि अन्नाच्या वासाने प्राणी डबा फोडतात. डब्यातील वस्तू घेतल्यास तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, वहीत नोंद करावी, डबा होता तसाच परत ठेवावा. जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी. डबा पारदर्शक असावा व त्यावर तो कशाचा आहे हे ठळक लिहावे. रेल्वेमार्ग, पूल, शासकीय कार्यालये, शाळा यांच्या परिसरात मनमानीने डबा ठेवू नये. २००२ पासून या छंदातील मंडळी जाता-येता वाटेवरचा कचरा उचलून आणण्याचा उपक्रमही करीत आली आहेत.

डार्टमूरच्या छंदिष्टांनी स्वतःसाठी घातलेला एक दंडक आपण विशेष लक्षात ठेवावा : प्राचीन शिलावर्तुळे, समाधी, पडक्या भिंती यांत डबा ठेवायचा नाही. आपल्याकडे १९५८ च्या कायद्यानुसार केंद्र-संरक्षित स्मारकाची हानी वा विद्रूपीकरण हा दंडनीय अपराध आहे. २०२५ साली मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली; त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तटबंदीचा एक चिरा डब्यासाठी सरकविला गेला, तर पुढच्या पावसाळ्यात पाणी तेथूनच शिरेल. अभयारण्यांत तर परवान्याविना प्रवेशच करता येत नाही.

आपले कर्तव्य

पंचायत सदस्यांना माझे सांगणे असे की, कोणी परवानगी मागण्यास आल्यास त्याला हाकलून लावू नये. जागा पाहावी, गावकऱ्यांस कल्पना द्यावी, पोलीस पाटलांना कळवावे आणि मगच संमती द्यावी. देवराई, स्मशान, पाणवठा, उभ्या पिकाचे शेत या जागा वर्ज्य समजाव्यात. मात्र बेवारस, खूण नसलेला डबा आढळल्यास 'खेळातलाच असेल' असे मानून त्यास कोणीही हात लावू नये, पोलिसांना कळवावे. शिक्षकांनी प्रारंभ शाळेच्या आवारातच, मुख्याध्यापकांच्या संमतीने करावा. त्यासाठी एक डबा, एक वही आणि एक मोबाईल पुरेसा आहे.

ज्या मुलाने डबा शोधला, वहीत नाव लिहिले आणि पुढच्या अनोळखी मुलासाठी तो जागच्या जागी ठेवला, त्याने सार्वजनिक मालमत्ता कशी वापरावी याचा पाठ गिरविला आहे. हा पाठ देणाऱ्या छंदाला आपण विचारपूर्वक जागा द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.