‘नागरिक’ : एका शब्दाचा प्रवास



‘नागरिक’ हा शब्द आज मतदारयादी आणि पारपत्र यांच्याशी इतका जखडला गेला आहे की, त्याच्या दीर्घ पूर्वेतिहासाचे सहज विस्मरण होते.

पाणिनीने ‘नगर’ या शब्दापासून ‘नागरक’ हे रूप सिद्ध करताना दोन अर्थच्छटा सांगितल्या : एक निंदेची, दुसरी प्रावीण्याची. चोरही नागरक आणि कुशल पुरुषही नागरक! नगरवासाने चातुर्य येते. ते कोणत्या कामी लावायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरिक’ म्हणजे नगराचा कारभार पाहणारा अधिकारी. कुटुंबांची नोंद, वाटसरूंची विचारपूस, रस्त्यांची स्वच्छता आणि आगीपासून रक्षण ही त्याच्या अधिकारातील कामे. तेथील एक नियम मननीय आहे. आग लागली असता विझवण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा ‘पण’ दंड, आणि भाडेकरूस सहा. भाडेकरूचा दंड निम्मा. परंतु कर्तव्यातून सुटका त्यालाही नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ‘नागरक’ हा सुखवस्तू रसिक. त्याच्या शय्येजवळ वीणा आणि एखादे पुस्तक असावे, ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात मेळावा भरावा, संकटात व उत्सवात सर्वांनी एकदिलाने वागावे, असे तो ग्रंथ सांगतो. गोष्ठीत केवळ संस्कृताचा किंवा केवळ देशभाषेचा अट्टहास न धरणारा लोकांत मान पावतो, हेही त्यातलेच. मात्र हा मान धनवंतांपुरता होता, हे विसरून चालणार नाही.

ती मर्यादा भारतीय संविधानाने ओलांडली. नागरिकत्वाला धन, जात वा भाषा यांची अट उरली नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा स्वतंत्र भागही जोडला गेला. तथापि हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येते. कर्तव्याची जाग आतूनच यावी लागते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी समाजाला या शब्दाचा अर्थ अनुभवाने ठाऊक आहे. घरात मायबोली आणि पेठेत स्थानिक भाषा, असे दोन्ही सांभाळून त्याने आपले नगर आपलेसे केले. येथे आपण मालक की भाडेकरू, हा वाद कोणी घालो. आग विझवायला जो धावतो, तो नागरिक. शंभर वर्षे पुस्तकांचे कपाट सर्वांसाठी उघडे ठेवणे, हेही तसेच धावणे होय.