एकट्याची वाट आणि जत्रेची रात्र

श्रोतेहो, एकट्यानें प्रवासास निघणें ही गोष्ट आपल्याकडे पूर्वीं फारशी शहाणपणाची समजली जात नसे. "सोबत कोण आहे?" हा घरांतील वडील माणसांचा पहिला प्रश्न असे. आतां दुचाकीला एक पिशवी बांधून तरुण माणसें मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानें खुशाल दक्षिणेकडे निघतात. त्यांचें हें एकटेपण किती टिकतें आणि तें कोण मोडतें, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

गोव्याकडे जाणारा मोठा रस्ता समुद्र सोडून आंतून जातो. किनाऱ्याची वाट निराळी. सह्याद्रीवर उगम पावणाऱ्या नद्या थोड्याच अंतरांत समुद्राला मिळतात, आणि भरतीचें पाणी त्यांच्या मुखांतून कोसच्या कोस आंत शिरतें. त्यामुळें किनाऱ्याचा रस्ता खाडीपाशीं येऊन थांबतो. रेवदंड्यास कुंडलिकेवर पूल आहे. परंतु पुढें आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणीं फेरीबोटीनें उतरावें लागतें. मोटार वाहून नेणारी बोट दाभोळास २००३ सालीं सुरू झाली. त्यापूर्वीं माणूस होडीनें पलीकडे जाई. गाडीवाल्यास मात्र चिपळूणचा वळसा पडे.

बोट पैलतीरावर असली म्हणजे धक्क्यावर वाट पाहत उभें राहण्यावांचून गत्यंतर नसतें. तेथें मासळीची पाटी घेतलेली कोळीण असते, कचेरीच्या कामाला निघालेला शेतकरी असतो, आजोळीं चाललेलीं मुलें असतात. कोणी तरी विचारतो, "कुठले आपण?" दुसरा प्रश्न ठरलेलाच, "एकटेच?" होय म्हणतांच त्या अनोळखी मंडळींना प्रवाशाची काळजी वाटूं लागते. रस्ता कोठें उखडला आहे, जेवण कोणाच्या घरीं मिळेल, अंधारापूर्वीं कोणतें गांव गांठावें, हें चार जण एकदम सांगतात. नकाशा दाखविणाऱ्या फोनांत यांतलें फारच थोडें असतें. बोटीची फळी पैलतीराला टेकेपर्यंत त्या मंडळींनीं प्रवाशाला आपल्यांतला करून घेतलेलें असतें.

या किनाऱ्यानें याहून फार एकटा माणूस पाहिला आहे. पंधराव्या शतकांत अफानासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी विकावयास एक घोडा घेऊन चौल बंदरीं उतरला, बिदरपर्यंत हिंडला आणि अखेर दाभोळहून परतीच्या जहाजावर चढला. स्वदेशांतून निघाल्यावर वाटेंतच त्याला लुटारूंनीं गांठलें होतें. त्यांत त्याचीं धर्मपुस्तकें गेलीं. आपला ईस्टरचा सण केव्हां आहे हेंहि परमुलुखांत समजेना, असें दुःख त्यानें आपल्या टिपणांत लिहून ठेवलें आहे. सोबतीला माणूस नसणें सोसतां येतें. सणवार हरवणें जड जातें.

खाडीवरील थांबण्याचें हें कौतुक सांगतांना दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. १९४७ सालच्या १७ जुलैस मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आजहि शेवटची फेरी सुटल्यावर एखादी बाई अडली, तर अलीकडचें गांव आणि पलीकडचा दवाखाना यांच्यामध्यें काळोखें पाणी असतें. रेवस ते रेडी असा अखंड सागरी मार्ग व्हावा ही कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतांना, १९८० ते १९८२ या काळांत पुढें आली. आतां तींतील मोठ्या पुलांना चालना मिळाली आहे. ते पूल झालेच पाहिजेत. धक्क्यावरील गप्पांसाठीं कोणाचा जीव टांगणीला लावणें हा रसिकपणा नव्हे.

जयगडच्या पुढें वाट पुष्कळ मोकळी होते. रत्नागिरी, जैतापूर, देवगड, मालवण अशीं गांवें पुलांवरून मागें पडतात, आणि कार्तिक-मार्गशीर्षाचे दिवस असले तर वेंगुर्ले-सावंतवाडीच्या बाजूला एखाद्या ग्रामदेवतेच्या जत्रेंत प्रवास संपतो. दिवसा माहेरवाशिणी ओटी भरून जातात. बाजाराला रंग चढतो तो रात्रीं. देवळाच्या वाटेवर दुतर्फा दुकानें लागतात. बांगड्या, खेळणीं, चहा, भजीं आणि या सर्वांत मानाचें तें खाजें: बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आलें घातलेल्या गुळाच्या पाकांत घोळलेल्या. पालखी देवळाभोंवतीं फिरते, आणि मग दशावतार उभा राहतो. सामान म्हणजे एक बांकडें, पायपेटी, मृदंग आणि झांज. संहिता लिहिलेली नसते. राजा, राक्षस आणि स्त्रीवेषांतील पुरुष नट आपापलें भाषण तेथेंच रचतात. हेहि प्रवासीच, उद्यांची रात्र दुसऱ्या गांवीं.

खाज्याचा पुडा बांधतां बांधतां दुकानदार विचारतो, "खंयसून इलास?" मुंबईहून, सहज वाटेनें जात होतों, असें उत्तर मिळतांच तो म्हणतो, "मगे खेळ बघूनच जावा." शेजारची म्हातारी चटईवर थोडी सरकून जागा करून देते. त्या रात्रीं त्या परक्या माणसाला निकितिनला न गवसलेली गोष्ट मिळते: दुसऱ्याच्या सणांत बसावयास जागा.

खाड्यांवर पूल झाले म्हणजे प्रवाशाला सक्तीनें थांबविणारें पाणी राहणार नाहीं. म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी त्या वाटेनें गेल्यास, पुलावरून खुशाल जावें. मात्र पलीकडच्या पहिल्या चहाच्या दुकानाशीं उतरावें, आणि जत्रेचे दिवे दिसले तर पहाटेपर्यंत पुढची वाट धरूं नये.