तिच्या नावावरची वर्षं



गोव्यातल्या आपल्या हळर्णात बागायतीचा तुकडा विकायचा झाला, तर एकट्या नवऱ्याच्या सहीने भागत नाही. बायकोची संमती लागते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याचा नागरी कायदा मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा धरतो. मग त्याच घरातला मुलगा 2020 अखेरपर्यंत पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, स्विंडनला जायचा. मागोमाग सून जायची. तिचा पासपोर्ट भारतीय, मूल लहान, नोकरी नाही. पण म्हातारपणच्या पेन्शनमध्ये तिचा वाटा किती, हे तेव्हा कुणी विचारतच नसे.



ब्रिटनमध्ये एप्रिल 2016 पासूनची नवी सरकारी पेन्शन ज्याच्या-त्याच्या नोंदीवर मिळते. नवऱ्याने नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी भरली म्हणून बायकोचं वर्ष भरत नाही. निदान 10 वर्षांची नोंद हवी, पूर्ण पेन्शनला साधारण 35. पण घरी मूल सांभाळणारीसाठी एक वाट आहे. चाइल्ड बेनिफिट या मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज जिच्या नावाने असतो, तिची ती वर्षं मूल 12 वर्षांचं होईपर्यंत फुकट मोजली जातात. घोळ इथेच होतो. घरातले सगळे कागद नवरा भरतो, म्हणून हा अर्जही त्याच्याच नावाने जातो. त्याची वर्षं पगारातून आधीच भरलेली, हिची कोरी. नवऱ्याचा पगार मोठा म्हणून पैसे नको असले, तरी अर्ज तिच्या नावाने भरावाच. व्हिसावर सरकारी मदतीची मनाई असेल, तर मात्र ही वाट बंद. मग खिशातून स्वेच्छेने हप्ते भरायचे. सहसा मागच्या 6 वर्षांपर्यंतची भर घालता येते.

सगळीकडे असं नाही. नेदरलँड्समध्ये नोकरी नसली तरी नुसत्या राहण्याने दर वर्षाला पूर्ण पेन्शनच्या 2 टक्के जमा होतात. जपानात पगारदार नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोला हप्ता नाही, तरी वर्षं मोजतात. पण नवऱ्याने नोकरी सोडून धंदा काढला, की हप्ता तिच्यावर येतो. स्वित्झर्लंडमध्ये तर नोकरी नसलेल्यालाही वर्गणी बंधनकारक. नोकरीतल्या जोडीदाराने किमान रकमेच्या दुप्पट भरली तरच सूट.

पासपोर्ट पोर्तुगीज, म्हणून कुणी त्या देशाबरोबरच्या कराराकडे बोट दाखवेल. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार 2017 पासून लागू आहे, पण तो मुख्यतः नोकरी करणाऱ्यांच्या कामाचा. घरच्या बाईला त्यातून फारसं काही मिळत नाही.

आणखी एक. म्हातारपणी हळर्णला परतलात, तर ब्रिटिश पेन्शन इथे येते, पण दरवर्षीची वाढ भारतात मिळत नाही. पहिल्या दिवशीचा आकडा कायम. म्हणून भारतीय पासपोर्ट असलेल्या सुनेने इथलं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खातं स्वतःच्या नावाने काढावं. अनिवासी भारतीयांनाही ते काढता येतं. नवीन पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं मात्र नाही.