गाडी आपली, पासबुक कोणाचं?

वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म भरला, 'निरोप पोहोचला' अशी हिरवी अक्षरं उमटली, आणि मालकाच्या मेलबॉक्समध्ये काहीच नाही. कोचिंग क्लास असो, लॉज असो, निर्मलच्या लाकडी खेळण्यांचं दुकान असो, शेअर्ड होस्टिंगवरच्या साइटचं हे नेहमीचं दुखणं. ती हिरवी अक्षरं एवढंच सांगतात की साइटने मेल होस्टिंगच्या सर्व्हरच्या हाती दिला. पुढचं त्यांना ठाऊक नसतं. लोक लगेच प्लगइन बदलतात, होस्टिंगवाल्याला फैलावर घेतात. अहो, आधी 'फ्रॉम'मध्ये पत्ता कोणाचा आहे ते तरी बघा!

आदिलाबादच्या मार्केट यार्डात सीसीआयकडे, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाकडे, कापसाची गाडी लागली की जमिनीचं पासबुक कोणाचं हे बघतात आणि ओलावा किती हेही. मेलचंही तेच. गिऱ्हाईक फॉर्ममध्ये स्वतःचा जीमेल पत्ता लिहितं, आणि फॉर्म तोच 'फ्रॉम'मध्ये घालून मेल धाडतो. गाडी आपली, पासबुक दुसऱ्याचं! जीमेलच्या नावाने मेल पाठवायची परवानगी गूगलने आपल्या सर्व्हरला दिलेलीच नसते. म्हणून 'फ्रॉम'मध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता घाला, गिऱ्हाइकाचा 'रिप्लाय-टू'मध्ये. आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद हवी, मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव घेणारी. नोंद एकच ठेवा. दोन झाल्या की दोन्ही वाया. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, होस्टिंगच्या पॅनेलमधून चालू करा.

'पूर्वी तर मेल जात होते,' असं कोणी म्हणेल. जात होते, कारण 1982 साली ठरलेल्या एसएमटीपीत, म्हणजे मेल पाठवायच्या नियमांत, नावाची शहानिशाच नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम नंतर आले, पण बरीच वर्षं ढिलाई चालली. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने दोर आवळला. 'आम्ही कुठे दिवसाला 5000 मेल पाठवतो?' असं लहान साइटवाले विचारतील. तेवढे पाठवणाऱ्यांना डीमार्कसकट (शहानिशेत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सगळंच लागतं. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम, यांतलं एक तरी लहानांनाही सुटलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: त्याच सर्व्हरवरच्या शेजारी साइटने स्पॅम पाठवला, सर्व्हरचा आयपी पत्ता बदनाम झाला, त्यात आमचा काय दोष? खरंच नाही. एकाच टेम्पोत दुसऱ्याचा कापूस ओला निघाला, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला, की आपला सुकाही संशयात येतो. तेव्हा गाडी बदला: युजरनेम-पासवर्ड देऊन, 587 पोर्टवरून, चांगल्या मेल सेवेमार्फत पाठवा, आणि त्या सेवेचं नाव एसपीएफच्या त्याच नोंदीत घाला. पण पुन्हा सांगतो, पासबुक परक्याचं असेल तर नवी गाडीही फाटकावरच अडेल.

तपासायचं कसं? मेल स्पॅममध्ये सापडला तर जीमेलमध्ये तीन ठिपके दाबून 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफपुढे 'पास' की 'फेल' ते दिसेल. मेल स्पॅममध्येही नसेल तर सीपॅनेलमधलं 'ट्रॅक डिलिव्हरी' बघा. 550-5.7.26 असा आकडा दिसला तर दुखणं पासबुकाचंच, फॉर्मशी झटू नका. आणि साइट इथे, मेलबॉक्स मात्र गूगलकडे असं असेल तर 'ईमेल राउटिंग' रिमोट करून ठेवा, नाहीतर होस्टिंगचा सर्व्हर मेल स्वतःकडेच ठेवून घेतो. डीमार्कची सुरुवात कुठून करायची हे सांगायचं होतं, पण वेळ संपला.