पडद्याआडचा गायक

दक्षिण कोरियात ‘बॅलड’ या नावाने ओळखले जाणारे गीत म्हणजे विरहाचे किंवा मृत्यूचे दुःख संथ लयीत मांडणारी आणि हलक्या स्वरात सुरू होऊन अखेरीस तारसप्तकाकडे झेपावणारी रचना होय. जो सुंग-मो या गायकाने १९९८ मध्ये ‘टु हेवन’ या अशाच गीताने पदार्पण केले, तेव्हा देश आर्थिक अरिष्टात सापडलेला होता; तरीही त्याच्या चित्रफितीसाठी ली ब्युंग-हुन आणि किम हा-नुल यांच्यासारखे अभिनेते घेण्यात आले, आणि स्वतः गायकाचा चेहरा मात्र, बहुधा कुतूहल वाढवण्याच्या हिशेबानेच, प्रेक्षकांपासून दडवला गेला. स्वर्गवासी प्रियेला उद्देशून गायलेल्या शब्दांना या चित्रफितीने पात्रे दिली, आणि पुढे अशा कथाप्रधान चित्रफितींची लाटच आली. त्याच गायकाच्या २००० मधील ‘आशिनायो’ या गीताच्या चित्रफितीत तर व्हिएतनाम युद्धात उतरलेला कोरियन सैनिक आणि एक स्थानिक तरुणी यांचे प्रेम रंगवले आहे. या कथा अतिभावुक आहेत, हे नाकारता येत नाही. परंतु कोरियाने ज्या युद्धात स्वतःचे सैन्य पाठवले होते, ते युद्ध एका प्रेमगीतात आणणे हे धाडसच म्हटले पाहिजे.