आधी हवेची वाट, मग पंखा

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला छोटा पंखा काढून टाकावा, ते काम कॅबिनेटच्या मागच्या मोठ्या, संथ पंख्याकडे द्यावं आणि हीटसिंक व पंखा यांच्यामध्ये डक्ट बसवावा. प्रोसेसर तापतो का, हीटसिंक कशाला असतो, हे या सभागृहाला सांगत बसत नाही. ते गृहीत धरतो. आपण थेट हवेच्या हिशेबाकडे जाऊ, कारण बहुतेक गैरसमज तिथेच आहेत. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० वॉटचा प्रोसेसर आणि हवेत १० अंशांची वाढ चालणार असेल, तर सेकंदाला अवघी ८ लिटरच्या आसपास हवा पुरते. १२० मिलिमीटरचा साधा पंखा मिनिटाला आठशे फेऱ्यांवरही मोकळ्या जागेत याच्या दुप्पट हवा हलवतो. मग हवा मुबलक असताना पंख्याची घरघर का होते? कारण प्रोसेसरला मिळते ती खोलीतली हवा नसते. ग्राफिक्स कार्डानं तापवलेली, किंवा त्याच हीटसिंकमधून नुकतीच बाहेर पडलेली हवा तो छोटा पंखा पुन्हा पुन्हा ओढत राहतो. कॅबिनेटच्या आत हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर प्रोसेसरही तितक्याच अंशांनी जास्त गरम राहणार. ती तूट भरून काढायला पंखा आणखी जोरात फिरतो.

पंख्याचं गणितही बघा. एकाच घडणीचे दोन पंखे घेतले, तर हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या पटीत वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो. ८० मिलिमीटरचा पंखा ३००० फेऱ्यांना जी हवा देतो, ती १२० मिलिमीटरचा पंखा ८९० फेऱ्यांतच देतो. पंख्यांच्या नेहमीच्या सूत्रांनी आवाजाचा फरक येतो सुमारे १४ डेसिबल. आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो. शिवाय सात पात्यांचा छोटा पंखा या वेगाला ३५० हर्ट्झच्या आसपास सूर धरतो, मोठा १०० हर्ट्झच्या जवळपास, आणि तितका खालचा सूर आपल्या कानाला मुळातच कमी जाणवतो. वर छताचा पंखा फिरतोय. त्याच्याखाली आपण व्याख्यान ऐकू शकतो. टेबलफॅन पूर्ण वेगात लावून एवढाच वारा घेतला असता, तर मला माईक आणखी वाढवावा लागला असता. (हशा)

आता जाणकार श्रोते म्हणतील की तुम्ही दाबाचं बोललाच नाहीत. बरोबर आहे, आणि या सगळ्या योजनेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. आपल्या उदाहरणात प्रवाह सारखा राहिला, तरी मोठ्या पंख्याचा दाब छोट्याच्या पाचव्या हिश्श्यावर येतो. दाटीवाटीनं पट्ट्या बसवलेल्या हीटसिंकमधून तो हवा ढकलू शकणार नाही. म्हणूनच हीटसिंक मोठा, विरळ पट्ट्यांचा हवा, पट्ट्या हवेच्या दिशेत हव्यात, आणि डक्ट रुंद व सरळ हवा. दाब कमी असला की हवा सोपी वाट शोधते आणि हीटसिंकला वळसा घालून निघून जाते. ती पळवाट बंद करणं हेच डक्टचं काम. पंखा जितका शांत, तितकी डक्टची गरज जास्त.

हे काही नवं नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिसातल्या जुन्या यंत्रांत हेच असे. हिरवं प्लास्टिकचं आवरण उचललं की खाली नुसता हीटसिंक, त्यावर पंखाच नाही. आवरणाचं दुसरं तोंड मागच्या पंख्याला टेकलेलं. २००४ साली प्रेस्कॉट हा पेंटियम ४ आला, त्याच्या वरच्या आवृत्त्या ११५ वॉटपर्यंत गेल्या. त्या काळात इंटेलनं कॅबिनेट करणाऱ्यांना सांगितलं, की खोली ३५ अंशांवर असेल तर प्रोसेसरच्या पंख्यापाशी हवा ३८ अंशांवर जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या असेंबल्ड संगणकांच्या बाजूच्या पत्र्याला आतून नरसाळ्यासारखा जो प्लास्टिकचा पाइप असे, तो त्यातूनच आला. पुढचं पाऊल बीटीएक्सचं. मदरबोर्डची मांडणीच बदलली. प्रोसेसर पुढे आणला, डक्टमधून बाहेरची ताजी हवा आधी त्याला आणि मग बाकीच्यांना. २००६ मध्ये इंटेलनं ते सोडून दिलं, आणि तेव्हापासून बीटीएक्स फसलं म्हणून डक्ट फसला, असं ऐकवलं जातं. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. त्याच वर्षी कोअर २ ड्युओ ६५ वॉटवर आला, त्यामुळे निकड संपली. आणि एका सुधारणेसाठी साऱ्या उद्योगानं बोर्ड आणि कॅबिनेट बदलावीत, ही अपेक्षा मोठी होती. हवेचे नियम होते तिथेच आहेत. आज १०० वॉटच्या वरचे प्रोसेसर पुन्हा घरोघरी आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेलं थोडक्यात. उंच टॉवर कूलर हेच काम करतो, हे खरं. पण तो आणि मागचा पंखा यांच्यात जी फट राहते, तिथून गरम हवा परत फिरते. ती पुठ्ठ्यानं बंद करा. पुठ्ठा म्हटल्यावर हसू आलं, पण पुठ्ठा हलका असतो, सुरीनं कापता येतो, आणि माप चुकलं तर दुसरा कापता येतो. पाण्याच्या कूलरलाही शेवटी रेडिएटर आणि पंखे लागतातच, वर पंपाचा आवाज. मागून कुणीतरी एसी लावा म्हणालं. (हशा) ज्यांच्याकडे एसी नाही त्यांचंच बघू या. विदर्भात मे महिन्यात खोली ४२ अंशांपर्यंतही जाते, प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १००. हाताशी उरतात ५३ ते ५८ अंश. त्यातले १० कॅबिनेटमधल्या शिळ्या हवेवर घालवणं परवडत नाही. डक्ट खोलीपेक्षा थंड हवा देणार नाही, पण त्या १० अंशांतले बरेच वाचवू शकेल. पंखा बंद पडला तर? आजचा प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर स्वतः बंद होतो. धूळ मात्र येणारच. हवा आत येते त्या तोंडावर सुटी जाळी लावा आणि धुवत जा. राहिला मदरबोर्डवरच्या व्होल्टेजच्या भागांचा प्रश्न: डोक्यावरचा पंखा त्यांनाही वारा घालत असे, डक्टनं तो थांबतो. त्यासाठी डक्टच्या खालच्या कडेला, त्या भागांच्या बाजूनं, बोटभर रुंदीची खाच ठेवा, म्हणजे मागचा पंखा थोडी हवा त्यांच्यावरूनही ओढेल.