घरून आणलेला आजार



दमा असलेल्या मुलाने फौजेत जावे की न जावे, या विषयावर बोलायला चालकांनी आम्हाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि अंगावर वर्दी कधी चढवली नाही. पण गेली तीस वर्षे कामगारांचे भरपाईचे कागद हाताळताना छातीचे दुखणे आणि सरकारी शिक्का यांची गाठ कशी पडते, ते आम्ही पुष्कळ पाहिले आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पहाटे पाचला कसालच्या तिठ्यावर उभे राहिले, की मालवणच्या रस्त्याने धावणारी पोरे दिसतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणात नौदल दिन झाला, तेव्हापासून त्यांत भर पडली असे आम्हाला वाटते. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पुरे करायचे. पहिल्या गटात आला तर ६० गुण. मग आडव्या बारला लोंबकळून दहा वेळा अंग वर उचलायचे, त्याचे ४० गुण. आपल्या जिल्ह्याची भरती कोल्हापूरच्या कार्यालयाकडे आहे, आणि २०२३ पासून लेखी परीक्षा आधी, धावणे नंतर असा क्रम झाला आहे. या सगळ्यातून पार पडलेला मुलगा शेवटी डॉक्टरसमोर उभा राहतो. तिथे त्याला विचारतात, ‘पूर्वी काही आजार?’ आमचे आजचे सारे भाषण या एका प्रश्नाच्या उत्तराबद्दल आहे.

दम्यात श्वासनलिका सुजतात व आवळतात. धूळ, धूर, गारवा, धाव, यांपैकी कशानेही त्या चाळवतात. धावण्याने येणारी धाप कित्येकदा धावताना फारशी जाणवत नाही. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी ती जोर करते. म्हणजे साडेपाच मिनिटांची शर्यत दम्याचा मुलगाही जिंकू शकतो, आणि घरघर सुरू होईपर्यंत तो झाडाआड जाऊन पंप ओढू शकतो. हे पोरांना डॉक्टरांपेक्षा आधी कळलेले असते!

सैन्य अशा मुलाला का घेत नाही, यावर रागावण्याआधी विचार करावा. बर्फात, वाळवंटात, दारूगोळ्याच्या धुरात पंप हाताशी असेल याची हमी कोण देणार? चे गव्हेराचे चित्र आमच्या युनियनच्या कचेरीत आहे. तो लहानपणापासून दमेकरी. त्याच्या देशाच्या, अर्जेंटिनाच्या, सैन्याने त्याला दम्यापायी सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळले. पुढे तो क्युबाच्या डोंगरांत लढला, हे पोरे आम्हाला ऐकवतात. पण १९६७ मध्ये बोलिव्हियाच्या रानात त्याची औषधे शत्रूच्या हाती पडली आणि माणूस चालेनासा झाला, हा भाग ते ऐकवत नाहीत. अमेरिकेत तेराव्या वाढदिवसानंतर दमा राहिलेला असेल तर उमेदवार अपात्र ठरतो, मात्र कागदपत्रे दाखवून सवलत मागता येते. आपल्याकडे अधिकाऱ्यांच्या भरतीच्या नियमांत वारंवार दमा वा घरघर झाल्याचा नुसता इतिहासदेखील नाकारण्यास पुरेसा धरला आहे. बाळदमा पुष्कळ मुलांचा वयात येताना ओसरतो. त्यांच्यावर हा नियम कठोर आहे असे आमचे मत आहे. पण नियम आहे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. आमचे वडील मुंबईत गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे आठवडाभर सैल होत जाते. वर्षे गेली की मग ती सैल होतच नाही. आमच्या घरी सोमवारी रात्री कोणी मोठ्याने बोलत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. वडील गावी आले ते धाप घेऊनच. भरपाईचा विषय काढला तेव्हा त्यांना उत्तर मिळाले, ‘हा आजार तू कोकणातून घेऊन आलास. विड्या ओढतोस ना?’ घरून आणलेला आजार! हे तीन शब्द आम्ही तेव्हापासून विसरलो नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, त्याच्या परिशिष्टात बिसिनोसिस आला, सिलिकोसिस आला, कामातल्या द्रव्यांमुळे होणारा दमाही आला. आपल्या कासार्ड्याच्या सिलिका वाळूत काम करणाऱ्यांनी हे परिशिष्ट घरात चिकटवून ठेवावे. परिशिष्टाचा अर्थ एवढाच, की आजार कोणाचा हे सिद्ध करण्याचे ओझे काही अंशी मालकाच्या खांद्यावर गेले.

फौजेतही भांडण हेच असते. शिपाई आजारी पडला की वैद्यकीय मंडळ बसते. आजार सेवेमुळे झाला का, वा सेवेत बळावला का, हे ते लिहिते. ‘नाही’ असे लिहिले, की अपंगत्वाचे निवृत्तिवेतन गेले. सिग्नल दलातला एक शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये फेफऱ्याच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व लिहून, घरी पाठवला गेला. वेतन मिळाले नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. धरमवीरसिंग खटला म्हणून तो निकाल प्रसिद्ध आहे, जुलै २०१३ चा. न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरले पाहिजे. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, शिपायाची नव्हे. आमच्या वडिलांना जे मिळाले नाही ते त्या शिपायाने मिळवले. निकालानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये, या बाबतीतले नियम नव्याने आले. तेव्हा जुन्या निकालावर विसंबून घरी बसू नये. नवे नियम वकिलाकडून समजून घ्यावेत.

अग्निवीराची स्थिती आणखी नाजूक. १४ जून २०२२ रोजी ती योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, चौघांतला फार तर एक पुढे कायम, निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी. ‘सेवेमुळे’ हा शब्द तिथेही दारात उभाच आहे.

आता लपवणाऱ्याचे काय होते? इथे आम्हाला आमचीच चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतला एक मुलगा आमच्याकडे आला. लहानपणी दम्याने दोनदा दवाखान्यात होता. त्याने विचारले, सांगू का? आम्ही हसून म्हटले, ‘डॉक्टराक सांगू नको, नायतर घेवचे नाय.’ गडी हुशार, भरती झाला. वाडीने फटाके वाजवले. पहिल्याच हिवाळ्यात प्रशिक्षणात तो कोसळला. इस्पितळात श्वास अडकलेला, घाबरलेला. डॉक्टरने विचारले, कधीपासून? त्याने खरे सांगून टाकले, ‘लहानपणापासून.’ ते केसपेपरवर लिहिले गेले. माणूस निरोगी होता असे धरण्याची जी सोय कायद्यात आहे, ती त्याच्या स्वतःच्या एका वाक्याने कोसळली. लपवल्याचा ठपका वेगळाच. आम्ही त्याचे कागद घेऊन तीन वकिलांकडे गेलो. तिघांनीही तो केसपेपर वाचून परत दिला. पोरगा आज रिक्षा चालवतो. आम्हाला बघितले की नमस्कार करतो, आणि तो नमस्कार आम्हाला घेववत नाही.

त्यामुळे पुढचा मुलगा आला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईचा मुलगा. त्याला आधी छातीच्या डॉक्टरकडे नेले, फुंकण्याची तपासणी करवली. डॉक्टर म्हणाले, नलिका आज ठीक आहेत, पण पंप दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालू होता. आम्ही त्याला सांगितले, की विचारतील तेव्हा खरे सांग, हा कागद दाखव. अपात्र म्हटले तर लष्करी इस्पितळात फेरतपासणी मागता येते, तिची मुदत थोड्या दिवसांची असते, ती चुकवू नकोस. त्याने तसेच केले. अपात्र झाला. फेरतपासणी मागितली, तिथेही अपात्र.

त्याची आई संध्याकाळी आमच्या दारात आली. हात काजूच्या चिकाने काळे. ती म्हणाली, ‘तुमी सांगलात म्हणान तेना खरा सांगल्यान. नायतर पोरगो भरती झालो असतो.’

आम्ही तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.